वहिनीची साडी आणि ताईचा टेंपो

इचलकरंजीतील एका वस्तीत शासकीय योजनांचे अर्ज भरून देण्याचे काम मी काही वर्षांपासून करते. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, बँक खाते आधारशी जोडणे, रेशन कार्डात नाव चढवणे किंवा कमी करणे अशा कामांसाठी बायका येतात आणि काम होईपर्यंत घरचे बोलत बसतात. पुढचे प्रकरण त्याच बोलण्यातून माझ्यापर्यंत आले. दोघींची ओळख पटू नये म्हणून काही खुणा बदलल्या आहेत आणि नावे गाळली आहेत. त्या एकमेकींना ज्या हाका मारतात, ताई आणि वहिनी, त्याच येथे ठेवल्या आहेत.

२०२५च्या मार्चमध्ये, होळी होऊन चार-पाच दिवस झाले असताना, ताई भर दुपारी आली आणि खुर्चीवर टेकण्याआधीच तिने विचारले, "नाव न घालता तहसीलदाराकडे अर्ज करता येतो का?" अर्ज वहिनीविरुद्ध करायचा होता. वहिनी निराधार म्हणून अनुदान घेते, पण रोज पहाटे खानावळीत चपात्या लाटायला जाते, तिथे तिला पगार आहे, घरात फ्रीज आला आहे, रेशन फुकट आहे आणि आता साडीसुद्धा सरकारच देते, असे सगळे मुद्देसूद लिहून द्यावे, एवढीच तिची मागणी होती. ज्या वहिनीच्या अनुदानाचा पहिला अर्ज २०१७ साली ताईनेच स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून, तिला हाताला धरून तहसील कार्यालयात नेऊन दाखल केला होता, तीच ही वहिनी.

दोघींची ओळख नवऱ्यांमुळे झाली. दोघींचे नवरे एकाच शेडमध्ये साध्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करायचे. वहिनीचा नवरा अल्पशा आजारात गेला तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची होती. सासऱ्यांनी बांधलेल्या दोन खोल्या मात्र तिच्या पदरात राहिल्या. ताईच्या नवऱ्याने मागांच्या मंदीला कंटाळून २०२२ मध्ये कामगारकी सोडली आणि कर्ज काढून एक जुना छोटा टेंपो घेतला. सुताचे बाचके, कापडाचे तागे, कधी कुणाच्या घराचे सामान, मिळेल ते भाडे तो मारतो. ताई घरी फॉल-पिको करते. चौघांचे कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहते.

राग अचानक आलेला नव्हता. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४च्या जूनअखेरीस जाहीर झाली तेव्हा ताईचा अर्ज मीच भरला होता. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची होती आणि ताईच्या घरचे उत्पन्न त्याच्या आत बसत होते. जुलैपासून जानेवारीपर्यंत सात हप्ते, म्हणजे १०,५०० रुपये, तिच्या खात्यावर आले. पुढे फेब्रुवारीत चारचाकी असलेल्या घरांची पडताळणी सुरू झाली आणि ताईचे नाव वगळले गेले. योजनेच्या अटीत ट्रॅक्टर सोडून कोणतेही चारचाकी वाहन घरात असेल तर बाई अपात्र ठरते. ते वाहन फिरायला घेतलेली मोटार आहे की ज्याचा हप्ता फेडताना जीव मेटाकुटीला येतो असा माल वाहणारा टेंपो आहे, हा भेद त्या अटीत नाही. शेतकऱ्याचे पोट ट्रॅक्टरवर चालते हे अट लिहिणाऱ्याच्या ध्यानात होते, पण यंत्रमागाच्या गावात माणसाचे पोट टेंपोवर चालते हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

नेमक्या याच सुमारास वहिनी साडी घेऊन आली. अंत्योदय कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षातून एक साडी देण्याची राज्य शासनाची योजना आहे. या साड्या यंत्रमाग महामंडळामार्फत घेतल्या जातात आणि रेशन दुकानातून वाटल्या जातात. ताईने मला सांगितले त्याप्रमाणे वहिनीने साडी मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "ताई, फुकटची आहे गं, पण रंग बरा आहे. फॉल लावून देशील?" ताई कापड बोटांनी ओळखते. तिने काठ चिमटीत धरून पाहिला आणि तिला वाटले की ही आपल्याच गावच्या कुठल्या तरी शेडवर निघाली असणार. तिचा फॉल-पिकोचा दर सत्तर रुपये आहे, वहिनीकडून मात्र ती इतकी वर्षे फक्त फॉलच्या कापडाचे पैसे घेत आली होती. त्या दिवशी तिने अर्ध्या काठापर्यंत फॉल लावला, टाचण्या टोचून ठेवल्या आणि मशीन बंद केले. माझ्याकडे ती आली तेव्हा ती साडी चार दिवस तशीच मशीनवर पडून होती.

एखादा मित्र सरकारी मदतीवर आपल्यापेक्षा बरे जगतो आहे, अशी तक्रार कानावर आली की ऐकणाऱ्याच्या मनात सहसा दोनच उत्तरे तयार असतात. तक्रार करणारा मत्सरी आहे हे एक, आणि घेणारा लबाड आहे हे दुसरे. मला दोन्ही घाईची वाटतात, म्हणून मी ताईला अर्जाचे बाजूला ठेवून आधी कागदावर आकडे मांडू या, असे म्हटले. वहिनीचे आकडे मला तिच्या अर्जांमुळे माहीत होते, पण ते तिच्या परवानगीशिवाय ताईपुढे मांडणे योग्य नव्हते. म्हणून त्या दिवशी फक्त ताईच्या घराचा हिशेब झाला आणि वहिनीचा पुढच्या आठवड्यात, तिच्या तोंडून, दोघी समोर असताना झाला. येथे वाचकाच्या सोयीसाठी दोन्ही एकत्र देते.

ताईच्या नवऱ्याला डिझेल आणि दुरुस्ती जाऊन महिन्याला साधारण १४,००० रुपये सुटतात, ताईचे फॉल-पिकोचे ६,००० धरले तर घरात २०,००० येतात. त्यातून खोलीभाडे ४,००० आणि टेंपोचा हप्ता ७,८०० गेला की चार माणसांसाठी ८,२०० उरतात आणि त्यातूनच धान्य विकत घ्यावे लागते. कपाटात केशरी कार्ड आहे, पण त्यावर धान्य येत नाही, कारण अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबात बसायचे तर राज्यात शहरी भागासाठी वार्षिक उत्पन्न ५९,०००च्या आत हवे. ही मर्यादा कायदा आला त्या काळातली आहे, आणि महिन्याला पाच हजारांच्याही खाली राहून शहरात चार माणसे कशी जगतात याचा विचार त्यात शोधून सापडत नाही.

वहिनीला खानावळीतून ६,००० मिळतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून १,५०० येतात आणि मुलगी लहान असल्याने बालसंगोपन योजनेतून २,२५० येतात. बेरीज ९,७५० होते. घरभाडे नाही, हप्ता नाही, आणि अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य २०२३च्या जानेवारीपासून पूर्ण मोफत आहे. माणसे तीन आहेत.

आकडे असे समोर आल्यावर ताई माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्यापासून काही लपवता आले नाही. भाडे आणि हप्ता वजा केल्यावर हातात उरणाऱ्या पैशाचा विचार केला तर वहिनी खरोखरच ताईपेक्षा बरी होती. माणशी भागले तर ताईच्या घरात दोन हजारांच्या आसपास आणि वहिनीच्या घरात सव्वातीन हजार पडत होते, आणि धान्य त्याच्या वर होते. "तुला उगीच वाटते" असे ताईला सांगणारी माणसे तिच्या भोवती पुष्कळ होती. ती माणसे चुकीचे सांगत होती.

ताईच्या समजात एक चूक मात्र होती. वहिनी निराधार अनुदान आणि लाडकी बहीण असे दोन्ही घेते, अशी गल्लीत बोलवा होती आणि ताईचाही तोच समज होता. प्रत्यक्षात दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे पैसे मिळत नाहीत, आणि निराधार अनुदान नेमके १,५०० असल्याने वहिनी त्या योजनेत कधीच नव्हती. ज्या सात महिन्यांत ताईला वाटत होते की वहिनी दुहेरी घेते, त्या सात महिन्यांत या दोन योजनांतून दोघींच्या खात्यावर अगदी सारखीच रक्कम येत होती.

आता फ्रीजचे. तो जानेवारीत आला, आणि माझ्या मते ताईच्या मनात साडीपेक्षाही तो अधिक रुतला होता. बालसंगोपनाचे पैसे वहिनीला आठ महिने आलेच नव्हते. त्या काळात तिचे घर ७,५०० वर चालले, किराणा उधारीवर आला आणि ताईकडून तिने ४,००० उसने घेतले. थकलेले १८,००० एकदम जमा झाल्यावर तिने आधी ताईचे ४,००० दिले, किराणावाल्याचे ३,५०० चुकते केले आणि उरलेल्यातून ७,००० चा जुना फ्रीज आणला. गल्लीतून हातगाडीवर दोरीने बांधून आला तो फ्रीज. किराणावाल्याच्या वहीतली खोडलेली ओळ कुणाच्या नजरेस पडली नाही. ताईच्या बाजूने पाहिले तर आपल्याकडून उसने घेणारी बाई आपले पैसे परत करून त्याच आठवड्यात फ्रीज घेते, आणि आपण मात्र पाणी माठातलेच पितो, हे टोचणे स्वाभाविक होते. वहिनीने फ्रीज का घेतला हे मी तिला विचारले नाही. टेंपोवाल्याला टेंपो का घेतला असे कोणी विचारत नाही, पण अनुदान घेणाऱ्या बाईने मात्र प्रत्येक वस्तूचा खुलासा द्यावा अशी अपेक्षा असते, आणि अर्ज भरून देणाऱ्या माणसानेही ती बाळगू नये असे मला वाटते.

तक्रारीच्या अर्जातला मुख्य मुद्दा अजून शिल्लक आहे, कारण कायद्याच्या भाषेत ताईचे म्हणणे बरोबर होते. निराधार अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असावे लागते. वहिनीचा खानावळीचा पगारच वर्षाला ७२,००० होतो. चौकशी झाली असती तर अनुदान बंद झाले असते आणि अंत्योदय कार्डाचाही प्रश्न निघाला असता. परंतु २१,००० म्हणजे काय, हे एकदा भागून पाहावे. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये होतात. तेवढ्यावर तीन माणसांचे घर चालवणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही आणि तरीही माझ्यापुढे आलेल्या शेकडो अर्जांत उत्पन्नाचा आकडा त्याच्या आतच असतो. अनुदान वेळोवेळी वाढत १,५०० पर्यंत आले, त्याच्या उंबऱ्याचा आकडा मात्र तसाच राहिला, आणि आता परिस्थिती अशी आहे की बालसंगोपनाचे वर्षाचे २७,००० जरी उत्पन्न म्हणून धरले तरी बाई तेवढ्यानेच अपात्र ठरेल. अट अशी असली की खरे बोलणारी बाई बाहेर राहते आणि काम न करता बसून राहणारी, किंवा काम लपवणारी, आत येते. वहिनीने काम लपवले हे खरे आहे. स्वयंघोषणापत्रावर सही तिची आहे आणि अक्षर माझे आहे, म्हणून मी येथे पंचाच्या थाटात काही बोलू शकत नाही.

मी ताईला सांगितले की असा अर्ज करण्याचा तिला अधिकार आहे, कार्यालयात तो कोणीही लिहून देईल, पण मी लिहून देणार नाही. त्याचा परिणाम काय होईल तेही सांगितले. वहिनीचे १,५०० जातील, कदाचित धान्य जाईल, आणि ताईच्या खात्यावर त्यातला एक रुपयाही येणार नाही. यावर तिने जे उत्तर दिले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले. ती म्हणाली, "मला तिचं काढून नको आहे. पण सकाळी चारला उठून मी आणि माझा नवरा मरतोय, आणि सरकारच्या कागदावर आम्ही गाडीवाले. ते कुणाला सांगू?" मग थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "तिला नवरा नाही हे मला कळतं. पण महिन्याच्या सात तारखेला कळत नाही." सात तारखेला टेंपोचा हप्ता जातो.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच वाक्यात दिसते. ताईचा राग दोन ठिकाणचा होता. ज्या अटीने तिला गाडीवाली ठरवून बाहेर काढले तिच्यावरचा राग रास्त होता, पण ती अट कुठे राहते, तिचे दार कोणते, हे ताईला माहीत नव्हते. वहिनीचे दार मात्र समोरच्या बोळात होते. म्हणून एका अटीचा राग दुसऱ्या अटीत बसलेल्या मैत्रिणीवर निघाला. मी तिला तक्रारीऐवजी दुसरा अर्ज सुचवला. टेंपो उपजीविकेसाठी आहे, कर्जाऊ आहे, कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, तरी फेरविचार व्हावा, अशा आशयाचा. तो आम्ही कर्जाच्या कागदांसह दिला आणि पोच घेतली. उत्तर आले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी पैसे घेतल्याचे उघड झाले तेव्हा ताई मुद्दाम येऊन बातमी दाखवून गेली. तिच्या डोळ्यांत हसू होते. "पुरुष दिसले नाहीत यांना, माझा टेंपो दिसला."

दोघींची समोरासमोर बैठक मी घडवून आणली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वहिनी बालसंगोपनाच्या कागदांसाठी आली होती आणि ताई त्याच वेळी फेरविचाराच्या अर्जावर सही करायला आली. बाकावर दोघी शेजारी बसल्या आणि ताईने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ विचारले, "तुझे महिन्याला सगळे मिळून किती येतात?" वहिनीने पदराने तोंड पुसले आणि सांगितले. मग तिने ताईला विचारले आणि हप्त्याचा आकडा ऐकून ती गप्प झाली. तिला टेंपो कर्जाचा आहे हे माहीत होते, पण दरमहा जवळजवळ आठ हजार जातात हे माहीत नव्हते. तिच्या दृष्टीने ताई म्हणजे दारात गाडी उभी असलेली, नवऱ्याच्या आधाराची बाई होती, जिला ती आठ वर्षे मनातल्या मनात भाग्याची समजत आली होती. उसने ४,००० मागतानासुद्धा तिला वाटले होते की यांना काय फरक पडतो. ताईने ते पैसे हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या डब्यातून काढून दिले होते. जो गैरसमज ताईच्या मनात फ्रीजमुळे झाला, तोच वहिनीच्या मनात टेंपोमुळे झाला होता, आणि त्याची वाच्यता वहिनीने केली नव्हती इतकेच.

पुढच्या तीन वर्षांचा हिशेबही त्याच बाकावर झाला, आणि तो मात्र महिन्याच्या हिशेबाच्या उलटा निघाला. टेंपोचे कर्ज दोन वर्षांत फिटेल आणि ताईच्या हातात दरमहा ७,८०० अधिक राहतील, टेंपोही स्वतःचा होईल. वहिनीची मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती अठराची झाली की २,२५० थांबतील. मुलगा एकोणीस वर्षांचा असून आयटीआय करतो. तो कामाला लागला की निराधार अनुदानाचा प्रश्न येईल, कारण मुलगा कमावता झाला की आई शासनाच्या लेखी निराधार राहत नाही. वहिनी म्हणाली, "पोराला नोकरी लागू दे म्हणून नवस बोलते, आणि लागली की पंधराशे जाणार म्हणून धास्तीही वाटते." त्या मुलाला पहिला पगार किती मिळेल याचा अंदाज इचलकरंजीत राहणाऱ्या कुणालाही बांधता येईल.

वर्षभरानंतर त्यांच्यात काय राहिले आहे, तेवढे नोंदवते. पूर्वीसारखे येणे-जाणे नाही. ताईचा राग पुरता गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझीही फारशी अपेक्षा नाही, कारण ज्यामुळे तो आला त्यातले काहीच बदललेले नाही. टेंपोची अट तीच आहे, २१,००० चा उंबरा तोच आहे आणि सात तारीख दर महिन्याला येते. अर्धवट राहिलेल्या साडीचा फॉल ताईने त्याच आठवड्यात पूर्ण करून दिला. एक व्यवहार मात्र बदलला. दिवाळीच्या आधी वहिनी भाचीच्या लग्नातली आहेराची साडी घेऊन आली, तेव्हा ताईने तिला इतर गिऱ्हाइकांसारखेच सत्तर रुपये सांगितले. वहिनीने पाकीट उघडून सुटे सत्तर मोजून मशीनवर ठेवले आणि विचारले, "ताई, शनिवारपर्यंत मिळेल ना?"